अण्णांच्या हातात माईक का गेला नाही?

आज दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आले, कालच्या कोल्हापुरातल्या कार्यक्रमाचे. पहिल्याच फोटोत आमचे थोरले चुलते, अण्णा. कपाळाला भंडारा, डोक्याला पटका, गळ्यात ढोल. खाली लिहिलंय, ‘पारंपरिक धनगरी ढोलवादनाने मान्यवरांचे स्वागत’. पुढच्या फोटोत मान्यवर. त्यांची नावं, पदव्या, पदं सगळं व्यवस्थित. अण्णांचं नाव नाही. कैताळ म्हणजे झांजा वाजवणाऱ्या पोरांचं नाही. कुणाचंच नाही.

तेव्हापासून डोकं फिरलंय. लांब लिहिणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

कार्यक्रम बाहेरच्या एका विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाचा. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी जागतिक मानवशास्त्र दिन असतो, त्यानिमित्त पाहुण्यांचं व्याख्यान आपल्या शहरात ठेवलेलं. विषय पश्चिम महाराष्ट्रातले मेंढपाळ. म्हणजे आम्हीच की! विषय आम्ही, आणि आमची माणसं दारात उन्हात ढोल घेऊन उभी. पाहुण्यांची गाडी यायला उशीर झाला तोवर वाजवतच होती. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ. तोपर्यंत ढोलवाल्यांना मागच्या बाजूला नेऊन वडापाव आणि चहा दिलेला. मान्यवरांचं जेवण आतल्या खोलीत.

मानधन दिलं, रोख दिलं, वेळेवर दिलं. हे मान्य.

पण अण्णा वडापाव खायला थांबले नाहीत. त्यांना ऐकायचं होतं. आत येऊन पुढच्या रिकाम्या खुर्चीवर बसायला गेले, तर एक पोरगा म्हणाला, ‘काका, ह्या राखीव आहेत.’ त्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. अण्णा मागं दाराशी उभे राहिले. मी पुढं बसलो होतो, मला यातलं काहीच दिसलं नाही, सगळं नंतर त्यांच्या तोंडून कळलं.

आता मला सांगा, हे कोल्हापूर आहे ना? १९०२ साली शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या त्या कुणासाठी? अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून देऊन महाराज स्वतः तिथं चहा प्यायला गेले ते कशासाठी? कोण कुठं बसतो आणि कुणाबरोबर खातो, यावर या गावानं शंभर वर्षांपूर्वी भूमिका घेतलीय. बाहेरून येणाऱ्यांना ती माहीत नसेल, पण मंचावर बसलेल्या आपल्या माणसांना तर माहीत होती?

व्याख्यान वाईट नव्हतं, हेही सांगतो. पाहुण्यांनी कष्ट घेतलेत, मेंढपाळांच्या तळावर राहिलेत, फोटो त्यांनी स्वतः काढलेत. पण एका ठिकाणी पडद्यावर लोकर कातरतानाचा फोटो आला आणि ते म्हणाले की नव्या पिढीला या परंपरेत रस उरलेला नाही.

इथं अण्णांनी हात वर केला.

त्यांना काय सांगायचं होतं ते घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो. ‘आरं, रस असून काय करायचं? दख्खनी मेंढराची लोकर जाड. घोंगड्याशिवाय दुसऱ्या कशाला चालत न्हाई. घोंगडं आता घेतंय कोण? कातरणाऱ्याची मजुरी लोकरीत निघत न्हाई. म्हणून पोरं जतकडनं माडग्याळ आणत्यात. त्याला लोकर कमी, मटन जास्त.’ एवढंच. दीड मिनिटाचं बोलणं. पण त्यानं त्या आख्ख्या स्लाइडचा अर्थ बदलला असता. पोरं उदासीन झाली म्हणून लोकर गेली नाही, लोकरीला गिऱ्हाईक राहिलं नाही म्हणून मेंढराची जातच बदलली. तिथं वह्या उघडून बसलेल्या पोरापोरींना हे कळायला नको होतं? ती पोरं मन लावून लिहून घेत होती हो, त्यांच्यावर माझा राग नाही. उद्या परीक्षेत तीच ‘रस उरलेला नाही’ म्हणून लिहितील.

हात वर केल्यावर काय झालं? सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी जाहीर केलं की वेळेअभावी प्रश्न लेखी द्यावेत, आणि स्वयंसेवकानं अण्णांच्या हातात कागद-पेन ठेवलं.

अण्णांना सही येते. लिहिता येत नाही.

सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं की पहाटेपर्यंत आमच्या दैवताच्या, बिरोबाच्या, ओव्या गाणारा माणूस. एक ओळ चुकत नाही. त्याला तुम्ही चिठ्ठी लिहायला लावता? आणि ते कुठं, तर माणसांचा अभ्यास करणाऱ्या विभागाच्या कार्यक्रमात! लोकसंस्कृतीचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांच्या ओव्या ऐकत बसायचे, टेप करायचे, उतरवून घ्यायचे. गाणाऱ्याला लिहिता येतं का असं त्यांनी आधी विचारलं असतं तर आज त्यातलं काय शिल्लक असतं? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत पायी चालल्या, आणि एकाच दिंडीत जातीजातीच्या पंगती वेगळ्या बसतात हे बघून त्यांना लागलेलं दुःख त्यांनी लिहून ठेवलंय. कालच्या प्रास्ताविकात त्यांचं नाव दोनदा घेतलं. आणि वडापाव मागच्या बाजूला.

काहीजण म्हणतील, चर्चासत्राला शिस्त लागते, कुणीही उठून बोलायला लागलं तर अवघड. बरं, लागते. पण अण्णा ‘कुणीही’ नव्हते.

मला हे इतकं का लागतं ते सांगतो. अशा खोल्यांत आमच्याबद्दल जे बोललं जातं ते पुढं कागदावर येतं, आणि कागद फिरून आमच्या दारात येतो. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवा. साहेबानं कागदावर जात लिहिली आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांकडं हजेरी देत राहिली, १९५२ पर्यंत. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे खंड १९२० पासून निघायला लागले. त्याच १९२० साली आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि माणसं स्वतःबद्दल स्वतः बोलली. मला माणगावचा तो मांडव जास्त जवळचा वाटतो. आमच्या आरक्षणाचा प्रश्न आला तेव्हाही सरकारनं अभ्यास करायला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला सांगितलं. अभ्यासाला माझा विरोध नाही. तो व्हायलाच पाहिजे, मी स्वतः पोरांना या विषयाकडं जा म्हणून सांगतो. फक्त आम्ही खोलीत असताना आम्हाला ओलांडून बोलू नका.

अण्णा मात्र शांत आहेत. मी फोनवर तावातावानं बोलायला लागलो तर म्हणाले, ‘त्यांनी बोलावलं, आम्ही वाजवलं, पैसं दिलं, झालं की. तू कशाला डोस्क्यात घेतोस?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पर त्या सायबाला लोकरीचं सांगायला पायजे होतं.’ म्हणजे त्यांना खुर्चीचं काही वाटलेलं नाही. त्या माणसाचा अभ्यास अर्धवट राहिला याची काळजी लागलीय! हे ऐकलं आणि माझा राग थोडा उतरला, खरं सांगतो. पाहुण्यांचा मुद्दाम अपमान करायचा हेतू नसेल. कुणाचाच नसेल.

त्या विभागातलं कुणी माझ्या मित्रयादीतल्या कुणाच्या ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांना पाठवा. फोटोखाली सगळ्यांची नावं घाला, मी यादी देतो. पुढचं व्याख्यान ठेवाल तेव्हा पाहुण्यांशेजारी एक खुर्ची आमच्या माणसाला द्या आणि त्याला निदान पंधरा मिनिटं बोलू द्या. नाहीतर पाहुण्यांना घेऊन तुम्हीच या. अण्णांची मेंढरं सध्या गावाजवळच ऊस तुटलेल्या रानात बसलीत, पोरांनाही आणा, वह्या आणा. अण्णांचा नंबर माझ्याकडून घ्या, पण फोन सकाळी नऊच्या आत करा. नंतर ते मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि रानात रेंज नसते.