फिल्टर बंद करून मेल जीमेलला वळवण्याआधी

कॅम्पसच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो: "विद्यापीठाचा स्पॅम फिल्टर मेलमध्ये 'फ्री', 'ऑफर' असे शब्द दिसले की मेल डिलीट करतो, म्हणून शिष्यवृत्तीची, परिषदेची पत्रं मिळत नाहीत. फिल्टर बंद करून घ्या, सगळं जीमेलला फॉरवर्ड करा आणि स्पॅम आलाच तर अनसबस्क्राइब दाबा." शेवटी अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

आधी शब्दांचं बघू. बराचसा कचरा मजकूर तपासण्याआधीच दारात अडतो. समोरच्या सर्व्हरने संपर्क साधला की त्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत आहे का, ते डीएनएसमार्फत (इंटरनेटवरची नावं आणि पत्ते सांगणारी यंत्रणा) विचारलं जातं. काही ठिकाणी अनोळखी सर्व्हरला 451 असा कोड देऊन 'थोड्या वेळाने या' म्हणतात. खरा मेल सर्व्हर पुन्हा येतो, घाऊक स्पॅम फेकणारे प्रोग्रॅम बहुधा येत नाहीत. (तुमचा ओटीपी कधीकधी मुदत संपल्यावर पोचतो, त्यामागे हेही असू शकतं.)

मजकुराची पाळी यानंतर येते, आणि तिथेही एका शब्दावर निकाल लागत नाही. 2001 पासून चालत आलेल्या स्पॅमअसॅसिन या फिल्टर प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खुणेला गुण असतात. काही खुणा गुण वाढवतात, काही कमी करतात, आणि बेरीज 5 झाली की मेल स्पॅम ठरतो. त्यातला बेझियन, म्हणजे शक्यतेच्या हिशोबावर चालणारा, भाग आधीच्या चांगल्या-वाईट मेलवरून शिकतो. औषधनिर्माण विभागाच्या पत्रांवर तो शिकला असेल, तर औषधांची नावं पाहून दचकत नाही.

'डिलीट करतो' हेही सहसा खरं नसतं. एकदा मेल स्वीकारला की तो पोचवायचा, नाहीतर पोचला नाही असं कळवायचं, हा एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमावलीचा, मूळ दंडक आहे. व्हायरससारखे अपवाद सोडा. संशयित मेल स्पॅम फोल्डरमध्ये नाहीतर क्वारंटाइनमध्ये (अडवलेले मेल वेगळे ठेवण्याची जागा) पडून असतो, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. परिषदेची पत्रं तिथे जातात हे मात्र खरं आहे. आयोजक आपला जीमेल पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालून भलत्याच वेबसर्व्हरवरून शेकडो पत्रं सोडतात. असं पत्र तोतयाच्या पत्रासारखंच दिसतं, मग फिल्टरने काय करावं?

आता फॉरवर्डचा सल्ला. सगळ्यात जास्त नुकसान याच्यानेच होतं. एखाद्या डोमेनचा (पत्त्यातला @ नंतरचा भाग) मेल कोणत्या सर्व्हरवरून यावा, हे एसपीएफ ही यादी सांगते. तुम्ही मेल वळवला की जीमेलला तो विद्यापीठाच्या सर्व्हरवरून येताना दिसतो, आणि मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत तो सर्व्हर नसतो. डीकेआयएमची सही (पत्र वाटेत बदललेलं नाही याची डिजिटल खूण) टिकली तर निभावतं, पण वाटेत विषयाच्या ओळीला 'स्पॅम?' असं शेपूट जोडलं गेलं तर तीही सहसा मोडते. मग पाठवणाऱ्याचं डीमार्क धोरण (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ही सूचना) 'नाकारा' असं असेल, तर खरं पत्रही परत जाऊ शकतं. यावर एआरसीसारखे (वळवण्याआधीच्या तपासणीचा निकाल पुढे पोचवणारे) उपाय आहेत, पण ते सगळीकडे बसवलेले नसतात. त्यात फिल्टर बंद केलेला असला, तर सगळा स्पॅम विद्यापीठाच्या नावावर जीमेलमध्ये ओतला जातो. फेब्रुवारी 2024 पासून गूगलचे नियम कडक झालेत: स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा. सर्व्हरची पत घसरली की ज्यांनी काहीच फॉरवर्ड केलं नाही, त्यांचीही पत्रं अडकतात.

अनसबस्क्राइब तुम्ही स्वतः घेतलेल्या वार्तापत्रापुरतं ठीक. अनोळखी मेलमध्ये ते दाबणं म्हणजे हा पत्ता चालू आहे असं आपणहून कळवणं. तिथे 'स्पॅम' बटण दाबा.

पत्र खरंच हरवलं असेल, तर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि अंदाजे वेळ संगणक केंद्राला कळवा. पत्र स्पॅममध्ये सापडलं, तर त्याचे पूर्ण हेडरही (मेलचा प्रवास आणि तपासणी नोंदवणाऱ्या ओळी) पाठवा. त्यात 'एक्स-स्पॅम-स्टेटस' अशी ओळ असेल, तर कोणत्या खुणा लागल्या आणि एकूण किती गुण झाले ते तिथेच दिसतं. नुसतं "मेल येत नाहीत" एवढंच लिहिलंत, तर तिकडचा माणूस सर्व्हरच्या नोंदींमध्ये शोधणार तरी काय?