बुधवारचा बकरा

आमच्या कायस्थांच्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार जिभेच्या नावावर आहेत. उरलेले चार देवांच्या. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून डॉक्टर ह्यांना म्हणाले, "मटण जरा कमी करा." ह्यांनी बुधवार सोडला. इथवर ठीक होतं. पण त्याच दमात जाहीर केलं, "बुधवारचा स्वयंपाक यापुढे माझा. काहीतरी क्रिएटिव्ह करू!"

निवृत्त माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकला की घरच्यांनी आधी सिलिंडरचा नॉब बंद करावा.

सुरुवात सोयाबीनच्या वड्यांच्या खिम्याने झाली. शंभर ग्रॅम वड्यांत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे आम्हाला घासागणिक ऐकवण्यात आलं. असतील. पण त्या उकळून, दोन-तीन पाण्यांतून घट्ट पिळल्याशिवाय त्यांचा वास जात नाही, आणि पिळायचं खातं माझ्याकडे. मग आलं कच्च्या फणसाचं 'मटण'. चीक विळीला, फ्रिजच्या दाराला आणि ह्यांच्या चष्म्याला. सासूबाईंनी चवीने खाल्लं आणि विचारलं, "फणस छान झालाय हो. मटण कधी वाढताय?"

माझं भांडण भाजीशी नाहीच. मोड आणून, एकेक वाल सोलून, नारळाच्या दुधात शिजवलेलं बिरडं असलं तर मला कोंबडी आठवतसुद्धा नाही. त्या बिरड्याला कोणी 'व्हेज चिकन' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण साधं बिरडं केलं तर ह्यांच्या प्रतिभेचं काय होणार?

पहिला पाऊस पडला आणि ह्यांना ठाण्याच्या जांभळी नाक्यावर शेवळं ही पावसाळी रानभाजी दिसली. आमच्याकडे शेवळं खिम्यात नाहीतर कोलंबीत पडतात. ही शुद्ध शाकाहारी होणार होती. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खाजवतात. म्हणून विकणाऱ्या बायका सोबत काकडं ही आंबट रानफळं देतात. ह्यांनी ती बाणेदारपणे परत केली. "मी लिंबाची साल किसून घालणार आहे. मॉडर्न ट्विस्ट!"

जेवताना घरात अभूतपूर्व शांतता पसरली. सासूबाई कोकमाच्या आगळाची बाटली तोंडाला लावून बसल्या. मुलाची नेमकी ऑनलाइन मीटिंग होती. घशातून शब्द फुटेना म्हणून तो प्रत्येक मुद्द्यावर नुसती मान हलवत राहिला. साहेबांनी त्याच्या समंजसपणाचं कौतुक केलं म्हणे.

आता ह्यांचा डोळा शुक्रवारवर आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हे आयतं निमित्त. काल दोन केळफुलं आणून ठेवली आहेत. त्यातल्या प्रत्येक फुलातला कडक दांडा वेचून काढायचं काम अर्थातच माझं, आणि हात काळे होणार तेही माझे. ह्यांचं म्हणणं, त्याचे 'फिश कटलेट' फार सुंदर होतात.

रविवार मात्र सासूबाईंनी स्वतःच्या ताब्यात घेतलाय. मटणाच्या रांगेत त्या सकाळी सातलाच उभ्या असतात, आणि पिशवी ह्यांच्याकडे देत नाहीत.