टेल लाइटच्या रिकॉलबद्दल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्यात, त्याबद्दल) तुम्ही लिहिलंत, त्याचं उत्तर

ताई, नमस्कार. मी या सर्व्हिस सेंटरचा मालक. "रिकॉलचा मेसेज दाखवला तरी 'लाइट लागतोय' म्हणून दोनदा परत पाठवलं, वर तपासणीचे ३५० रुपये घेतले," असं तुम्ही लिहिलंत. जॉब कार्ड काढून पाहिलं. तुमचं म्हणणं शब्दन् शब्द खरं आहे. माफी मागतो.

आमच्या पोराने तुम्हाला ब्रेक दाबायला सांगितलं, मागे लाल दिसलं, त्याने 'ओके' लिहून टाकलं. पण ब्रेक लाइट वेगळा आणि टेल लाइट वेगळा. हेडलाइट लावले की मागे जो मंद लाल दिवा सतत राहायला हवा, तो तुमच्या गाडीत मधेच जातो. उभ्या गाडीत, भर दुपारी तो दोष सापडणार कसा? बरं, चालवणाऱ्याला स्वतःचा टेल लाइट कधीच दिसत नाही. तुम्हालाही आनेवाडी टोलनाक्यावर मागच्या ट्रकवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे शिरवळहून निघून खंबाटकी घाट तुम्ही रात्री तशाच पार केलात. वाचून अंगावर काटा आला.

परवा याच लॉटमधली दुसरी गाडी आली. तिचा दिवा मी स्वतः उतरवला. कनेक्टरच्या एका पिनवर हिरवा गंज, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. वायर जरा हलवली की दिवा जायचा, सोडली की यायचा.

अमेरिकेत असं खपवून घेतील का, असं तुम्ही विचारलंत. नाही घेत. २०२२ मध्ये टेस्लाने तिथे ३ लाख २१ हजारांहून जास्त गाड्या अशाच कारणाने रिकॉल केल्या. ब्रेक लाइट, इंडिकेटर ठीक, टेल लाइट मात्र अधूनमधून बंद. त्यांचं सॉफ्टवेअर अपडेटवर भागलं, आपल्याकडे दिवा आणि कनेक्टर बदलावाच लागतो. आणि रिकॉल चेसिस नंबरवर ठरतो. नंबर यादीत असेल तर त्या दिवशी लाइट लागो न लागो, काम फुकट करून द्यायचं. आता जॉब कार्ड उघडताना आधी नंबर तपासायचा, असं सगळ्यांना बजावलंय.

३५० रुपये आज परत पाठवतो. पार्ट तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलाय. गाडी आमचा माणूस घरून नेईल, काम झालं की आणून देईल. तोवर कृपा करून रात्री गाडी काढू नका. आणि आमच्याकडून पुन्हा चालढकल झाली तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार करा. सात वर्षांच्या आतल्या गाडीसाठी ती सोय आहे, तुमची त्यात बसते.