काठी रोवा, सावली बघा

उत्तरं देण्याआधी मुलांना स्वतः बघू द्या, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मनापासून पटलं. 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पण पुण्यातल्या कुठल्याही गच्चीवरून मेअखेरीस पहाटे बघा, तो पूर्वेपासून २० अंशांहून जास्त उत्तरेला सरकलेला असतो. नेमका पूर्वेला उगवतो तो मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या (दिवस-रात्र जवळपास समान असतात त्या दिवसांच्या) आसपासच. दुपारची सावली तर आणखी बोलकी! १३-१४ मेच्या सुमारास साडेबाराला उभ्या काठीची सावलीच पडत नाही, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला. मग 'बाराऐवजी साडेबाराला का?' हे मुलं आपणहून विचारतात (आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे त्याच्या पश्चिमेला ७४ अंशांजवळ, म्हणून इथे सूर्य सुमारे अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो). शाळांनी मैदानात एक काठी रोवून वर्षभर मुलांकडून खुणा करून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.