तिकीट एक, भाडी तीन

गेल्या उन्हाळ्यात आई डोंबिवलीहून बर्लिनला आली होती. पहिल्याच दिवशी लोकलमधून उतरून आम्ही ट्राममध्ये चढलो, तर तिनं पर्स उघडली. "ह्याचं काढलंस का?" म्हटलं, आई, मघाचंच चालतं. ट्राममधून उतरून बसमध्ये बसलो, तर पर्स पुन्हा हातात. तिसऱ्या दिवशी तिनं ती उघडायचं सोडलं.

इथे शहराचे तीन झोन आहेत. ए म्हणजे शहराच्या मध्याभोवती गोल फिरणाऱ्या रिंग रेल्वेच्या आतला भाग, बी शहराच्या हद्दीपर्यंत आणि सी त्याच्या बाहेर, म्हणजे पॉट्सडॅम वगैरे. एबीचं साधं तिकीट शिक्का मारल्यापासून २ तास चालतं. (आपल्याकडे पूर्वी कूपन पंच करायची यंत्रं होती, तसलाच प्रकार.) तेवढ्या वेळात ट्रेन, ट्राम, बस कितीही बदला, फक्त त्याच तिकिटावर माघारी यायचं नाही.

हे वाटतं तितकं सोपं मात्र नाही. नवीन असताना मी मित्राला आणायला विमानतळावर निघालो होतो. तिकीट होतं, शिक्का होता, वेळही शिल्लक होती. पण विमानतळ सी झोनमध्ये आणि माझं तिकीट एबीचं. हद्द कधी ओलांडली ते गाडीत बसून कळतही नाही. तपासनीसानं ६० युरो दंड केला. त्या मानानं आपलं "डोंबिवली ते दादर" हे तिकीट कुणालाही समजेल असं आहे. कुठून कुठे, ते त्याच्यावर छापलेलंच असतं.

म्हणून घरच्या ग्रुपवर "मुंबईतही झोन करा" असं कुणी लिहिलं की मला ते पटत नाही. रेघ मारणार कुठे? मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये? आज तिथे ५ रुपयांत जाणाऱ्या माणसाला त्या एका रेघेपायी दोन झोनचे पैसे पडतील.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं, तेव्हा ग्रुपवर आनंदीआनंद होता. लोकल, मेट्रो, बस धरून ११ सेवांचं तिकीट एकाच ठिकाणी मिळतं. रांग वाचते, हे खरंच मोठं काम आहे. पण माझा मावसभाऊ रोज डोंबिवलीहून घाटकोपरला येतो, तिथून मेट्रोनं चकाल्याला आणि पुढे बसनं जातो. त्याचा खर्च ॲपनं कमी झालेला नाही. आपल्याकडे अंतर वाढलं की किलोमीटरमागे भाडं उतरत जातं. पण गाडी बदलली की मोजणी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. मेट्रोचे किमान १० रुपये, बेस्ट बसचे मे २०२५ पासून किमान १०. सरळ एका गाडीनं जाणाऱ्यापेक्षा, ज्याला तीन गाड्या बदलाव्या लागतात तोच जास्त भरतो. आणि तीन गाड्या बदलायची वेळ बहुतेक वेळा लांब, स्वस्त घरात राहणाऱ्यावरच येते. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

बर्लिनकडून घ्यायचंच असेल तर झोन नको, ते २ तास घ्या. आत शिरल्यापासून ठरावीक वेळ, मग वाहन कुठलंही असो.

अडचण हिशेबाची आहे. बर्लिन आणि भोवतालच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात १९९९ पासून सगळ्यांचं भाडेपत्रक एकच आहे, आणि जमा झालेला पैसा बस, ट्राम, रेल्वेवाले आपसात वाटून घेतात. मुंबईत लोकल केंद्राची, बेस्ट पालिकेची, मेट्रो तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातात. प्रत्येकाची वही वेगळी. त्या वह्या एकत्र आणायच्या तर कुणाला तरी तोटा सोसावा लागणार, आणि तो सरकारनं उघडपणे अंगावर घ्यायला हवा. जर्मनीतही देशभर चालणारा मासिक पास २०२३ मध्ये ४९ युरोंचा होता, तो २०२६ मध्ये ६३ वर गेलाय. फुकट काहीच होत नाही.

परत गेल्यावर आईनं एकदा घाटकोपरहून फोन केला. लोकलमधून उतरून पूल चढून ती मेट्रोच्या दारात उभी होती. म्हणाली, "थांब जरा, पर्स काढते."