‘तुकडा नको, एमआरआय करा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

“पाळी गेल्यावर अंगावरून जायला लागलं तर थेट एमआरआय करा. कॅन्सर आहे की नाही आणि कोणता, दोन्ही त्यात कळतं. पिशवीतला तुकडा काढू देऊ नका, त्याने कॅन्सर पसरतो.” हा मेसेज महिन्याभरात तीन पेशंटनी मला दाखवला. एक काकू तर मशीनवर झोपतानाच म्हणाल्या, “डॉक्टर, तुकडा नको, फोटोतच काय ते बघा ना.” मी एमआरआय वाचणारी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून मीच उत्तर देते.

थेट एमआरआय? नाही. आधी योनीमार्गातून सोनोग्राफी. गर्भाशयाच्या पिशवीचं आतलं अस्तर 4 मिमी किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. जाड असेल किंवा रक्तस्राव पुन्हा झाला, तर अस्तराचा तुकडा तपासायचा (बायोप्सी). (पाळी गेल्यावर अंगावरून गेलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.)

कोणता कॅन्सर ते कळतं? एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात अस्तर पांढरं दिसतं, त्याभोवती काळी पट्टी आणि बाहेर करडा स्नायू. ती पट्टी कुठे तुटली, गाठ स्नायूच्या निम्म्या जाडीपलीकडे गेली का, गर्भाशयमुखात उतरली का, हे मी सांगू शकते आणि ऑपरेशन किती मोठं करायचं ते ठरवायला त्याची मदत होते. तुकड्यात अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कॅन्सर) निघाला पण तो मुखाचा की पिशवीचा हे ठरत नसेल, तेव्हाही गाठीची जागा बघून उलगडा होतो. पण अस्तराचा नेहमीचा कॅन्सर आणि सीरस व कार्सिनोसार्कोमा हे त्याचे जास्त आक्रमक प्रकार पडद्यावर अगदी सारखे दिसू शकतात. कार्सिनोसार्कोमा बहुधा मोठा आणि ठिगळाठिगळांचा असतो, पण ‘बहुधा’वर कुणाचे उपचार ठरवता येत नाहीत. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2023 च्या कॅन्सर वर्गवारीत पी-53 आणि पोल या जनुकांशी संबंधित तपासण्याही आल्या आहेत. त्यांना पेशीच लागतात.

आता पसरण्याची भीती. ती हवेतून आलेली नाही. एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला होता: फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतली साधी गाठ) समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे 350 बायकांमागे एकीला लपलेला सार्कोमा (स्नायूसारख्या ऊतींचा कॅन्सर) निघतो, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मॉर्सेलेटर यंत्राने ती गाठ पोटातच चिरली तर कॅन्सर पोटभर पसरू शकतो. हे खरं आहे आणि गंभीर आहे. शिवाय झिजलेला फायब्रॉइड आणि सार्कोमा एमआरआयमध्ये एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि स्नायूतला सार्कोमा अस्तराच्या तुकड्यात न सापडताही राहू शकतो. म्हणून संशय आला तर गाठ न चिरता पिशवी अख्खी काढतात. पण अस्तराचा तुकडा काढणं वेगळं. सुमारे 3 मिमीची प्लास्टिकची नळी, गर्भाशयमुखातून आत, टाका नाही, बहुतेकदा भूलही नाही. क्षणभर पाळीसारखी कळ येते. पेशी बाहेर येतात त्या रक्तस्राव ज्या वाटेने होतो त्याच वाटेने.

त्या काकूंना सहा महिने अंगावरून जात होतं. चित्रात काळी पट्टी डाव्या बाजूला तुटलेली होती. रिपोर्टखाली मी लिहिलं: अस्तराचा तुकडा तपासावा. त्यांनी सोबत आणलेल्या जुन्या सोनोग्राफीच्या कागदावर, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेखाली, हेच वाक्य होतं.