मोठ्या टायरने गाडी फुकट पळत नाही

दुचाकीला मोठे टायर चढवण्याचा सल्ला देणारा एक मेसेज सध्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोन्ही चाकांना मोठे टायर टाका. इंजिन चाक फिरवणार तेवढंच, पण दर फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाणार. पेट्रोल वाचेल. वेगाचा काटाही कमी दाखवेल, म्हणजे इंजिनावर ताण कमी. आणि जुन्या माणसांनी बैलगाडीला मोठी चाकं लावली ती काय उगाच?

‘दर फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाते.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच बाकीचं खपून जातं. चाक घसरलं नाही तर एका फेऱ्यात गाडी बरोबर एका परिघाएवढी सरकते. हिशेबाला सोपं म्हणून त्रिज्या 30 सेंटीमीटर धरू. परीघ होतो 188 सेंटीमीटर. त्रिज्या 33 केली की परीघ 207. सरळ रेषेतला वेग म्हणजे कोनीय वेग (चाक फिरण्याचा झपाटा) गुणिले त्रिज्या, त्यामुळे चाक तेवढ्याच झपाट्याने फिरत राहिलं तर गाडी दहा टक्के जोरात जाईल. पण ते तसं फिरत राहील कशावरून?

‘इंजिन तेवढंच फिरवणार.’ इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा. मागचं चाक आधी टायरला धरून फिरवा, मग तुंब्यापाशी, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, आरा धरून. टायरला धरलं तर चाक सहज फिरतं. तुंब्यापाशी चांगला जोर लावावा लागतो. हात इंचभर सरकतो तेवढ्यात टायर बराच पुढे गेलेला असतो. अंतर मिळालं, पण त्यासाठी जोर मोजावा लागला. इंजिन चाक फिरवतं ते असंच मधून, चेनच्या चक्रावरून. जमिनीवर मिळणारा रेटा म्हणजे टॉर्क (चाक फिरवणारा पीळ) भागिले त्रिज्या. चाकापर्यंत 100 न्यूटन-मीटर टॉर्क पोचत असेल तर 30 सेंटीमीटरला 333 न्यूटन रेटा मिळतो, 33 ला 303. ज्या त्रिज्येने वेग वाढवला, तिनेच जोर कमी केला.

कशेडी किंवा आंबा घाट चढताना हे कळतं. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून 250 किलो धरा. 100 मीटर उंची चढायला 2,45,000 जूल लागतात, टायर कुठलाही असो. रेटा कमी पडला की तुम्ही एक गिअर खाली येता, इंजिन जास्त फिरतं आणि टायरने दिलेलं तिथेच परत जातं. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने गेलात तर थोडं पेट्रोल वाचूही शकेल, हे मान्य. पण दर वळणाला वेग तोडून पुन्हा घ्यावा लागतो अशा आपल्या रस्त्यांवर उलटाच खर्च आहे. मोठ्या टायरमुळे चाकाच्या कडेला वाढलेलं एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखं वागतं: ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही.

‘बैलगाडीचं चाक मोठं असतं.’ असतं, आणि त्यामागे खरी हुशारी आहे. फक्त ती इथे लागू होत नाही. बैल चाक फिरवत नाही, गाडी ओढतो. चाक फिरतं ते जमिनीच्या घर्षणाने, धावेपाशी. अडवतं ते आसाचं घर्षण, तुंब्याच्या आत, जिथे वंगण घालतात. आसाची त्रिज्या 3 सेंटीमीटर आणि चाकाची 60 असेल, तर ते घर्षण ओढणाऱ्याला विसाव्या हिश्शानेच जाणवतं. चाक निम्मं केलंत तर दहाव्या हिश्शाने. शिवाय मोठं चाक दगडावरून आणि खड्ड्यातून सहज निघतं. म्हणजे बैलगाडीत मोठी त्रिज्या ओढणाऱ्याच्या बाजूने असते, दुचाकीत इंजिनाच्या विरुद्ध. एकच तरफ, दोन वेगळ्या टोकांनी वापरलेली.

‘काटा कमी दाखवतो, म्हणजे ताण कमी.’ मला सगळ्यात जास्त काळजी ह्या वाक्याची वाटते. काटा चाकाचे फेरे मोजतो आणि जुन्या परिघाने गुणतो. तो 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने चाललेली असते. त्यात ब्रेकचा टॉर्कही त्याच त्रिज्येने भागला जातो. हात तेवढाच दाबलात तर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगामुळे 1.21 पट (ते वेगाच्या वर्गाने वाढतं, 1.1 गुणिले 1.1) आणि ब्रेकमुळे 1.1 पट, म्हणजे एकूण सुमारे 1.33 पट: 20 मीटरचं जवळपास 27. पावसात परशुराम घाट उतरताना हे सात मीटर फार असतात.

टायर आधीच बदलले असतील तर ओल्या, घट्ट वाळूवर जा. टायरच्या कडेला खडूची खूण करा, गाडीवर बसूनच ती सरळ ढकलत न्या, आणि खूण खाली येईल तिथे वाळूवर रेघ ओढा. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा. जुन्या टायरच्या अंतराने त्याला भागा. काट्यावरचा आकडा त्या गुणोत्तराने गुणून वाचायचा, घाट लागण्याआधी.